लेट्यूसचे वाण निवडताना वसईचा पावसाळा ध्यानात हवा

वसई, प्रतिनिधी

होळी, पापडी, गिरीज, भुईगाव या वसई पश्चिमेच्या पट्ट्यातील वाड्यांनी मुंबईला पिढ्यान्‌पिढ्या भाजीपाला, फुले, केळी आणि विड्याची पाने पुरविली. गोड्या पाण्याची विहीर किंवा बावखल, त्यावर फिरणारा रहाट आणि पाटाच्या पाण्यावर पोसले जाणारे लहान लहान वाफे असे या बागायतीचे जुने स्वरूप होते. आज वाड्यांचे तुकडे झाले आहेत, कित्येक बावखले बुजली आहेत आणि समुद्राकडच्या अनेक विहिरींचे पाणी मचूळ झाले आहे. विहिरींतून टँकर भरभरून होणाऱ्या पाणीउपशाविरुद्ध १९८० च्या दशकाच्या अखेरीस फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखाली हरित वसई संरक्षण समितीने उभारलेले आंदोलन महाराष्ट्राला ठाऊक आहे. त्या लढ्याच्या केंद्रस्थानी होते ते पाणी आणि त्यावर जगणारी हिरवाई.

उरलेल्या पाच-दहा गुंठ्यांत काय करावे, हा प्रश्न पुढच्या पिढीसमोर उभा राहतो, तेव्हा मातीविना शेती, म्हणजेच हायड्रोपोनिक्स, हा पर्याय हमखास पुढे येतो. जमीन कमी लागते, पाणी पुन्हा पुन्हा वापरता येते आणि मुंबईची बाजारपेठ दीड-दोन तासांच्या अंतरावर असते. या पद्धतीत पहिले नाव निघते ते लेट्यूसचे. मात्र सांगाडा, प्लास्टिक, पंप आणि नळ्या यांवर लाखो रुपये खर्च करताना जितका विचार होतो, त्याच्या दशांशही विचार बियाण्याबाबत होत नाही. बियाणे कंपनीच्या रंगीत पुस्तिकेतील सर्वांत भरदार गड्डा पाहून वाण निवडले जाते. तो गड्डा बहुधा हॉलंड किंवा कॅलिफोर्नियाच्या हवेत वाढलेला असतो. वसईच्या हवेत त्याचे काय होते, हे समजून घेणे म्हणूनच अगत्याचे ठरते.

लेट्यूसच का?

मातीविना शेतीची कल्पना नवी नाही. कॅलिफोर्नियातील शास्त्रज्ञ विल्यम गेरिक यांनी १९३७ मध्ये ‘हायड्रोपोनिक्स’ हा शब्द रूढ केला. भारतात जे. शोल्टो डग्लस यांनी १९४० च्या दशकात कालिम्पाँग येथे प्रयोग केले आणि त्यातून साकारलेली पद्धत ‘बंगाल पद्धत’ म्हणून ओळखली गेली. पुढे इंग्लंडमध्ये ॲलन कूपर यांनी १९६० च्या दशकात नळीतून पोषक द्रावणाचा पातळ थर वाहता ठेवण्याचे तंत्र विकसित केले. आज ‘एनएफटी’ या नावाने ते सर्वत्र वापरले जाते.

या तंत्राला लेट्यूस विशेष मानवते. त्याची मुळे उथळ असतात, फुले-फळे येण्याची वाट पाहावी लागत नाही आणि बी पेरल्यापासून दीड ते दोन महिन्यांत पीक हाती येते. एका चौरस मीटरमध्ये साधारण २५ रोपे बसतात. अमेरिकेतील ॲरिझोना स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात यूमा भागातील उघड्या शेतीची व हायड्रोपोनिक हरितगृहाची तुलना केली. उघड्या शेतीतून वर्षाला प्रति चौरस मीटर सुमारे ३.९ किलो, तर हरितगृहातून सुमारे ४१ किलो लेट्यूस मिळेल, असा त्यांचा अंदाज होता. एक किलो लेट्यूससाठी उघड्या शेतात सुमारे २५० लिटर पाणी लागते, तर हायड्रोपोनिक्समध्ये अवघे २० लिटर.

या अभ्यासाची दुसरी बाजू माहितीपत्रकांत क्वचितच छापली जाते. हरितगृहातील एक किलो लेट्यूससाठी लागणारी ऊर्जा उघड्या शेतीच्या सुमारे ८२ पट भरली, आणि तिचा फार मोठा भाग हरितगृह थंड वा उबदार ठेवण्यावर खर्ची पडला. हवा पिकाला मानवेल अशी बदलायची असेल, तर विजेचे बिल भरावे लागते. ते परवडत नसेल, तर आहे त्या हवेला मानवेल असे वाण शोधावे लागते. लहान वाडीवाल्यापुढे प्रत्यक्षात दुसराच मार्ग उरतो.

पिकते तेव्हा भाव नाही

मुंबईच्या बाजारात लेट्यूसची ओळख वाढविण्यात परदेशी खाद्यसाखळ्यांचा वाटा मोठा आहे. मॅकडोनाल्ड्सने १९९६ मध्ये भारतात पहिली उपाहारगृहे उघडली, तेव्हा त्यांना बर्गरसाठी कुरकुरीत आइसबर्ग लेट्यूस हवे होते. ते पुरविणाऱ्यांमध्ये पुणे जिल्ह्यातील तळेगाव येथील त्रिकाया ॲग्रिकल्चर ही संस्था होती. सुरुवातीला फक्त हिवाळ्यात येणारे हे पीक प्रयत्नपूर्वक वर्षभर घेतले जाऊ लागले. परंतु तळेगाव सह्याद्रीच्या माथ्यालगत आहे आणि तेथील रात्री गार असतात. समुद्रसपाटीवरील वसईला तो हिशेब जसाच्या तसा लागू होत नाही.

डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात पुणे, नाशिक, पाचगणी या भागांतून उघड्या शेतातील लेट्यूस मुबलक येते. त्याचा उत्पादनखर्च हरितगृहापेक्षा कितीतरी कमी असल्याने या काळात भावाच्या स्पर्धेत वाडीवाल्याचा निभाव लागणे कठीण. उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात उघड्या शेतातील आवक घटते, पाने कुजतात, भाव वधारतो. हरितगृहाची खरी कमाई याच महिन्यांत असते. दुर्दैवाने वसईत लेट्यूस पिकविण्यास सर्वांत कठीण महिनेही हेच.

थोडक्यात, वसईच्या हिवाळ्यात जवळजवळ कोणतेही वाण बरे येते. जानेवारीत चांगला आलेला गड्डा पाहून वर्षभराचे बियाणे मागविणे ही म्हणूनच घातक चूक ठरते. वाणाची खरी कसोटी मे, जुलै आणि ऑक्टोबर या महिन्यांत लागते.

लेट्यूसची पाच कुळे

बाजारात वाणांची नावे शेकड्यांनी असली, तरी हरितगृहाच्या दृष्टीने ती पाच गटांत बसतात.

पहिला गट आइसबर्गचा. कोबीसारखा घट्ट गड्डा बांधणारे हे लेट्यूस उपाहारगृहांना प्रिय असले, तरी त्याला थंडी आणि दीर्घ कालावधी लागतो. उष्णतेत गड्डा सैल राहतो, आतून कुजतो. १९४० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेत प्रसिद्धी पावलेले आणि भारतीय कृषिग्रंथांतही उल्लेखिले जाणारे ‘ग्रेट लेक्स’ हे वाण याच गटातले. किनारपट्टीवरील हायड्रोपोनिक्ससाठी हा गट वगळणेच शहाणपणाचे.

दुसरा गट बटरहेडचा. मऊ, लोण्यासारख्या पानांचा सैल गड्डा हे त्याचे वैशिष्ट्य. ‘रेक्स’सारखी वाणे खास हायड्रोपोनिक्ससाठी तयार झाली आहेत. मुळांसकट विकल्यास ती टिकतात आणि दिसतातही देखणी. मात्र पाने नाजूक असल्याने उष्ण-दमट हवेत ती लवकर माना टाकतात.

तिसरा गट रोमेनचा. उभ्या, लांबट, जाड शिरेच्या पानांच्या या लेट्यूसला सीझर सॅलडमुळे कायम मागणी असते. इस्रायलमध्ये उष्ण हवेसाठी तयार झालेले ‘जेरिको’ आणि जुने ‘पॅरिस आयलंड’ ही या गटातील परिचित नावे. वाढता वाढता रोमेनचे मधले पोंगे मिटतात आणि तेथेच दमट हवेचा त्रास सुरू होतो. त्यामुळे ते पूर्ण वाढण्याआधीच काढावे लागते.

चौथा गट सुट्या पानांच्या लेट्यूसचा. ‘ग्रँड रॅपिड्स’, ‘ब्लॅक सीडेड सिम्प्सन’, झालरदार ‘लोलो रोसो’ व ‘लोलो बिओंदा’, ओकच्या पानासारखी कातरलेली हिरवी-लाल ओक लीफ ही सारी या गटातली. गड्डा बांधला जात नसल्याने हवा आतपर्यंत खेळते आणि लवकर काढणी करता येते.

पाचवा गट बटावियाचा. पाश्चात्त्य पुस्तिकांत यालाच ‘समर क्रिस्प’ म्हणतात. आइसबर्गचा कुरकुरीतपणा आणि सुट्या पानांची मोकळी ठेवण यांचा मेळ त्यात आहे. ‘नेवाडा’, ‘सिएरा’, ‘म्यूर’, ‘चेरोकी’ ही त्यातील काही वाणे. उष्णता सोसण्यात हा गट सर्वांत पुढे मानला जातो. कुरकुरीत पानाची सवय झालेल्या ग्राहकालाही तो रुचतो. वसईसारख्या ठिकाणी निवडीची सुरुवात येथून व्हावी.

उष्णता आणि डेंगळा

कांद्याला डेंगळे येतात हे शेतकऱ्याला ठाऊक असते. लेट्यूसचेही तसेच आहे. मोठे दिवस आणि उष्णता यांमुळे रोपाला फुलोऱ्याची घाई होते. मधून दांडा उंचावतो, पाने अरुंद होतात आणि चिरल्यावर पांढरा चीक अधिक गळतो. लॅक्टुसिन व तत्सम कडू द्रव्ये वाढून भाजी कडवट होते. एकदा दांडा उंचावू लागला, की खत, पाणी वा फवारणी यांपैकी कशानेही तो मागे फिरत नाही.

वसईत सर्वांत मोठा दिवस जूनमध्ये सुमारे सव्वातेरा तासांचा असतो, तर युरोपच्या उत्तरेकडे तो सोळा-सतरा तासांवर जातो. म्हणजे दिवसाच्या लांबीचा त्रास येथे तुलनेने कमी. खरा प्रश्न उष्णतेचा, आणि त्यातही रात्रीच्या उष्णतेचा. लेट्यूसला दिवसा २० ते २५ आणि रात्री १५ ते १८ अंश सेल्सिअस तापमान मानवते. मे महिन्यात वसईची रात्रही २६-२७ अंशांखाली क्वचितच उतरते. पुस्तिकेत ‘उष्णता सहनशील’ असे लिहिलेले वाण दुपारचा चटका सोसेल, पण गार रात्रीविना किती दिवस तग धरेल, हे त्या दोन शब्दांतून कळत नाही. ‘डेंगळा उशिरा येतो’ हा गुण पुस्तिकेत स्वतंत्रपणे नोंदलेला आहे का, हे पाहणे अधिक उपयुक्त.

फॅन-पॅड येथे का हरतो

हरितगृह थंड करण्यासाठी एका भिंतीला ओले पॅड आणि समोर मोठे पंखे बसविण्याची पद्धत आहे. पुण्या-नाशकाकडे ती उत्तम चालते. वसईत तिचा लाभ फार कमी होतो आणि त्यामागचे कारण साध्या गणितात आहे.

पाणी बाष्प होताना हवेतील उष्णता शोषून घेते. पण हवा आधीच ओलसर असेल तर पाण्याची वाफ होणार तरी किती? समजा, पुण्यात एप्रिलच्या दुपारी तापमान ३८ अंश आणि सापेक्ष आर्द्रता २० टक्के आहे. अशा हवेला बाष्पीभवनाने जास्तीत जास्त २१ अंशांपर्यंत थंड करता येते. पॅडची कार्यक्षमता ८० टक्के धरली, तरी हवा २४-२५ अंशांवर येते. वसईत मे महिन्यात तापमान ३४ अंश आणि आर्द्रता ६५ टक्के असेल, तर मर्यादाच २८ अंशांची. तेच पॅड येथे हवेला २९ अंशांपेक्षा फारसे खाली आणू शकत नाही. शिवाय आतली हवा अधिक दमट होते ती वेगळीच. घाटावरील यशस्वी हरितगृह पाहून तसेच किनाऱ्यावर बांधणाऱ्याने हे गणित आधी मांडावे. वाऱ्याला मोकळी वाट देणारे उंच छत, बाजूंना कीटकरोधक जाळी आणि उन्हाळ्यात शेडनेट ही साधी रचना येथे अधिक सोयीची.

दमट हवेचा दुसरा परिणाम वाणाशी थेट निगडित आहे. कोवळ्या पानांच्या कडा तपकिरी पडून करपतात. इंग्रजीत त्याला ‘टिपबर्न’ म्हणतात, मराठीत कडा-करप म्हणता येईल. हा बुरशीचा रोग नव्हे. पेशींच्या भिंतीसाठी लागणारे कॅल्शियम रोपात पाण्याच्या प्रवाहाबरोबरच वर चढते, आणि पानांतून पाण्याची वाफ झाली तरच हा प्रवाह चालतो. मिटलेल्या गाभ्यातील पानांभोवती दमट हवा कोंडली, की वाफ होत नाही आणि कॅल्शियम तेथे पोहोचत नाही. म्हणूनच द्रावणात आणखी कॅल्शियम ओतून ही व्याधी जात नाही. रोपांवरून संथ हवा फिरविणारे पंखे, द्रावणाची तीव्रता बेताची ठेवणे, लवकर काढणी आणि गाभा उघडा राहणारे वाण हे त्यावरचे उपाय होत. एक करपलेली कड उपाहारगृहाला संपूर्ण गड्डा परत पाठवायला पुरेशी असते. त्यामुळे पुस्तिकेतील वजनाच्या आकड्याआधी कडा-करप सहनशीलतेची नोंद वाचावी.

डोके उन्हात, पाय गारव्यात

सिंगापूरची हवा वसईच्या पावसाळ्यासारखीच बारमाही उष्ण आणि दमट. तेथील प्राध्यापक ली सिंग काँग आणि ही जिए यांनी १९९० च्या दशकापासून एक वेगळी वाट चोखाळली. संपूर्ण हरितगृह थंड करण्याऐवजी त्यांनी फक्त मुळांभोवतीचे तापमान सुमारे २० अंशांवर ठेवले आणि पाने बाहेरच्या उष्ण हवेतच वाढू दिली. थंड हवामानातील लेट्यूस अशा रीतीने विषुववृत्तालगत वाढविता येते, हे त्यांनी दाखवून दिले.

यामागचे एक कारण प्राणवायूचे आहे. २० अंशांच्या पाण्यात प्रतिलिटर सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो, तर ३० अंशांच्या पाण्यात जेमतेम साडेसात. पाणी तापते तेव्हा मुळांची प्राणवायूची गरज मात्र वाढलेली असते. त्यातच पिथियमसारखी मूळकुज घडविणारी बुरशी कोमट पाण्यात फोफावते. द्रावणाची टाकी जमिनीत पुरणे, नळ्यांवर ऊन न पडू देणे, हवा सोडणारे पंप बसविणे आणि परवडल्यास द्रावण गार करणारे यंत्र ठेवणे यांमुळे वाणनिवडीला थोडी अधिक मोकळीक मिळते. वीज जाण्याची भीती असलेल्या ठिकाणी पातळ थराच्या नळ्यांपेक्षा पाण्यावर तरंगणाऱ्या तराफ्यांची पद्धत सुरक्षित. कारण पंप बंद पडला तरी मुळे लगेच कोरडी पडत नाहीत.

कॅरिबियन समुद्रातील व्हर्जिन आयलंड्स विद्यापीठाचा अनुभवही येथे लागू पडतो. सेंट क्रॉय हे बेट सुमारे १८ अक्षांशावर, म्हणजे वसईच्या किंचित दक्षिणेस आहे. तेथे जेम्स राकोसी व सहकाऱ्यांनी मत्स्यपालनाच्या पाण्यावर तराफ्यांत लेट्यूस वाढविले. त्यासाठी ‘सिएरा’, ‘नेवाडा’, ‘जेरिको’ आणि ‘पॅरिस आयलंड’ ही वाणे वापरली गेली. म्हणजे उष्ण बेटावरही भर बटाविया आणि रोमेन यांवरच राहिला. आइसबर्गला तेथेही स्थान नव्हते.

मचूळ पाण्याचा हिशेब

वाण कितीही चांगले असले, तरी पाणी खारे असेल तर ते वाया जाते. लेट्यूस क्षारांना बरेच संवेदनशील आहे. मातीतील क्षारता १.३ डेसिसीमेन्स प्रति मीटरच्या पुढे गेली, की उत्पादन घटू लागते, आणि पुढच्या प्रत्येक एककाला सुमारे १३ टक्के घट होते, असे प्रमाण कृषिशास्त्रात मानले जाते. हायड्रोपोनिक्समध्ये द्रावणाची विद्युतवाहकता, म्हणजे ईसी, साधारण १.२ ते १.८ आणि सामू ५.५ ते ६.५ ठेवतात. उन्हाळ्यात रोप पाणी अधिक पिते, म्हणून ईसी आणखी खाली आणतात.

आता विहिरीच्या पाण्याचीच ईसी ०.८ असेल, तर खतासाठी जागा उरते किती? शिवाय त्या ०.८ मध्ये मिठाचा अंश मोठा असतो. रोप पाणी आणि अन्नद्रव्ये उचलते, सोडियम व क्लोराइड बहुतांशी मागे राहतात. दर भरणीला ते साचत जातात आणि ‘पुन्हा पुन्हा वापरले जाणारे’ द्रावण शेवटी फेकून द्यावे लागते. कोवळ्या कडा करपण्यालाही ही क्षारता हातभार लावते. म्हणून बियाण्याची मागणी नोंदविण्यापूर्वी विहिरीच्या पाण्याची सोडियम, क्लोराइड आणि बायकार्बोनेटसह तपासणी करून घ्यावी. ती मे महिन्यात करावी, कारण पावसानंतरच्या गोड पाण्यावरून अंदाज चुकतो.

वसईकडे याला एक जुनेच उत्तर आहे. येथे वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. दहा गुंठ्यांच्या, म्हणजे सुमारे एक हजार चौरस मीटरच्या छतावर तो २० लाख लिटर भरतो. ॲरिझोनाच्या अभ्यासातील उत्पादन आणि पाण्याचे प्रमाण धरले, तर तेवढ्याच क्षेत्रातील लेट्यूसची वर्षभराची गरज सव्वाआठ लाख लिटरच्या घरात जाते. छतावरचे पाणी पन्हाळीने उतरवून अस्तर घातलेल्या तळ्यात साठविले, तर क्षारमुक्त पाण्याचा मोठा आधार मिळू शकतो. पाऊस धरून ठेवण्याचे आणि भूगर्भातील खारे पाणी थोपविण्याचे हेच काम बावखलांनी शतकानुशतके केले. नव्या तंत्राला जुन्या शहाणपणाची गरज पडावी, यात नवल नाही.

बी उगवतच नाही तेव्हा

लेट्यूसचे बी महाग आणि बहुधा आयात केलेले असते. ते उगवले नाही की दोष विक्रेत्याला दिला जातो. प्रत्यक्षात अनेकदा कारण तापमानाचे असते. साधारण २५ ते ३० अंशांच्या पुढे लेट्यूसचे बी जिवंत असूनही उगवण रोखून धरते. ही मर्यादा वाणागणिक बदलते. पेरणी संध्याकाळी करणे, ट्रे पहिले दोन दिवस १८ ते २२ अंशांच्या गार खोलीत ठेवणे आणि बियाणे हवाबंद डब्यात घालून फ्रिजमध्ये जपणे हे साधे उपाय आहेत. पूर्वप्रक्रिया केलेले, गोळीच्या रूपातील बी अधिक उष्णतेत उगवते आणि पेरायला सोपे जाते. पण त्याचे आयुष्य कमी, म्हणून ते हंगामापुरतेच घ्यावे.

उजेडाचेही असेच. अनेक वाणांचे बी अंधारात उगवत नाही. अमेरिकेतील बेल्ट्सव्हिल येथील शास्त्रज्ञांनी १९५२ मध्ये ‘ग्रँड रॅपिड्स’ लेट्यूसच्या बियांवर लाल प्रकाश टाकून ती उगवतात आणि अतिलाल प्रकाशाने पुन्हा थांबतात, हे सिद्ध केले. वनस्पतींमधील ‘फायटोक्रोम’ या प्रकाशसंवेदी द्रव्याचा शोध याच प्रयोगातून पुढे लागला. शेतकऱ्यासाठी त्यातला बोध इतकाच, की हे बी कोकोपीटमध्ये खोल पुरू नये.

ऋतूनुसार निवड

वर्षभर एकच वाण लावण्याचा हट्ट सोडला, तर निवड सोपी होते.

डिसेंबर ते फेब्रुवारी हा बटरहेड, लाल ओक लीफ आणि लोलो रोसो यांचा काळ. लाल रंगासाठी भरपूर ऊन आणि गार रात्र दोन्ही लागतात. भाव कमी असताना रंगीत व नाजूक माल वेगळा उठून दिसतो आणि स्वस्त आइसबर्गशी स्पर्धा टळते.

मार्च ते मे या काळात बटाविया आणि ‘जेरिको’सारखे रोमेन घ्यावे, शेडनेट वापरावे आणि गड्डा मोठा होण्याची वाट न पाहता काढणी करावी.

जून ते सप्टेंबर उजेड कमी आणि दमटपणा सर्वाधिक. रोपे लांबुडकी, पाने पातळ होतात; लाल वाणे फिकट हिरवट दिसू लागतात. उष्ण-ओल्या हवेत पानांवर सर्कोस्पोराचे ठिपके येण्याचा धोकाही असतो. या महिन्यांत हिरवे बटाविया, हिरवे ओक लीफ आणि कोवळ्या पानांसाठी दाट लावलेले सुट्या पानांचे वाण भरवशाचे. रोपांतील अंतर थोडे वाढवावे.

ऑक्टोबरचा उकाडा हा लहानसा उन्हाळाच. तेव्हा मे महिन्याचाच नियम लावावा. पुस्तिकांत मोठ्या अक्षरांत छापलेली केवडा रोगाच्या प्रतिकाराची मालिका युरोपच्या गार-ओल्या हवेत निर्णायक असते. वसईत तिला पहिला क्रमांक देण्याचे कारण नाही.

शंभर छिद्रांची परीक्षा

शेजारच्या जिल्ह्याचा अनुभव आणि परदेशी पुस्तिका यांवर अंतिम निर्णय सोपवू नये. पाच वाणे, प्रत्येकी वीस रोपे, म्हणजे अवघी शंभर छिद्रे बाजूला ठेवून जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबर अशा चार लागवडी कराव्यात. उगवण, काढणीपर्यंतचे दिवस, वजन, करपलेल्या कडांचे प्रमाण, दांडा आलेली रोपे आणि चव यांची वहीत नोंद ठेवावी.

या नोंदीतून काय कळते, ते एका कल्पित उदाहरणाने पाहू. एका वाणाचा गड्डा हिवाळ्यात २०० ग्रॅम भरतो आणि ९५ टक्के माल विकला जातो. पण पावसाळ्यात १४० ग्रॅम भरून ५५ टक्केच विकण्याजोगा निघतो. दुसऱ्याचा गड्डा हिवाळ्यात १५० ग्रॅमच, विक्री ९२ टक्के. पावसाळ्यात १३० ग्रॅम आणि ८५ टक्के. वर्षात दोन फेऱ्या हिवाळ्याच्या आणि सहा इतर ऋतूंच्या धरल्या, तर पहिले वाण एका छिद्रातून वर्षाला ८४२ ग्रॅम देते आणि दुसरे ९३९ ग्रॅम. जानेवारीत हरलेले वाण वर्षाअखेर जिंकते. पावसाळ्यातील चढा भाव जमेस धरला, तर हा फरक आणखी वाढतो.

हरितगृहासाठी एकात्मिक फलोत्पादन विकास अभियानातून अनुदान मिळते. त्याचे निकष वेळोवेळी बदलत असल्याने तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे आधी चौकशी करावी. कोसबाडचे कृषी विज्ञान केंद्र आणि दापोलीचे डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठ यांचा सल्ला घेता येतो. तळेगाव दाभाडे येथील उद्यानविद्या प्रशिक्षण केंद्रात हरितगृह व्यवस्थापनाचे शिक्षण दिले जाते; मात्र तेथे शिकलेले किनाऱ्याच्या हवेशी ताडून पाहण्याची जबाबदारी शिकणाऱ्याची.

कर्ज काढून उभारलेल्या हरितगृहाचा हप्ता बारा महिने द्यावा लागतो, पीक मात्र तीनच महिने सुखाने येते. उरलेल्या नऊ महिन्यांत जे वाण तग धरेल, त्याच्यावर ती वाडी वाडी म्हणून टिकणार की विकली जाणार, हे बऱ्याच अंशी अवलंबून असते. एक वर्ष आधी शंभर छिद्रांत ते शोधून काढणे, एवढी सवड प्रत्येक वाडीवाल्याने स्वतःला द्यायला हवी.